घरांहून जुनी नगरपालिका

एसटी काटोल सोडते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा सुरू होतात. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची तोड चाललेली असते. धुऱ्यावर क्रेट रचलेले, झाडाखाली फळांचे ढीग, बाजूला मालाची वाट पाहणारा मेटाडोर. नरखेड मागे पडते, आणि नागपूरपासून नव्वदेक किलोमीटरवर, जिथे जिल्ह्याची जमीन संपते, तिथे मोवाड येते. त्यापुढे वर्धा नदी. नदीपलीकडे अमरावती जिल्ह्याचा वरुड तालुका, म्हणजे वऱ्हाड.

मोवाडची लोकसंख्या दहा हजारांच्या आत आहे. महाराष्ट्रात याहून मोठी कितीतरी गावे ग्रामपंचायतीवर चालतात. मोवाडला मात्र नगरपरिषद आहे, आणि ती 1867 सालची आहे. भारतातल्या पहिल्या जनगणनेच्याही पाच वर्षे आधीची. अशा जुन्या नगरपालिकेच्या गावात माणूस काही गोष्टी गृहीत धरून उतरतो. चिंचोळ्या गल्ल्या असतील, कवेलूची घरे असतील, सागवानी खांबांच्या ओसऱ्या असतील, एखादा पडका वाडा असेल. मोवाडमध्ये दिसते ते आखून दिलेले गाव. इथली वस्ती 1991 नंतर वसवलेली आहे. कारभार दीडशे वर्षांहून जुना आणि घरे पस्तीस वर्षांच्या आतली, हे कोडे सोडवायला नदीपाशी जावे लागते.

वर्धा मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, मुलताईच्या पठारावर उगम पावते. मुलताई हे तापीचेही उगमस्थान. एकाच पठारावरचे पाणी दोन वाटांना लागते. तापी पश्चिमेला अरबी समुद्राकडे निघते. वर्धा दक्षिणेकडे उतरते, पाचशे किलोमीटरहून अधिक वाहत जाऊन गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वैनगंगेला भेटते. तिथून दोघींचे नाव प्राणहिता, आणि पुढे गोदावरी. नागपूर जिल्ह्याचा नकाशा पाण्याच्या बाजूने वाचला तर जिल्ह्याचे दोन तुकडे दिसतात. पूर्वेकडे पेंच कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला जाते. काटोल-नरखेडचे पाणी पश्चिमेला वर्धेकडे उतरते. नागपूर शहरातला माणूस नदी म्हटले की कन्हान किंवा नाग म्हणतो. जिल्ह्याच्या या कोपऱ्यात नदी म्हणजे वर्धाच.

मोवाडपाशी ही नदी अजून तरुण आहे. पुढे पुलगाव, बल्लारपूर अशा गावांना जी रुंद, संथ वर्धा दिसते, ती इथली नव्हे. इथे ती नुकतीच सातपुड्याच्या उतारावरून खाली आलेली असते. वरचा मुलूख बेसाल्टचा. खडकावर पातळ मातीचा थर, आणि सपाटीला आले की काळी जमीन. काळी माती सुरुवातीचा पाऊस अधाशासारखा पिते, पण एकदा पोट भरले की थेंब घेत नाही. त्यानंतर पडेल तो पाऊस नाल्याला आणि नाल्यातून नदीला. अशा नदीचा पूर चढायला दिवस लागत नाहीत, तासांत चढतो आणि तासांत उतरतो. उन्हाळ्यात तीच नदी इतकी आटते की पात्रातल्या वाळूत डांगर-टरबुजाच्या वाड्या करता येतात. वर्षातले आठ महिने जी नदी टोंगळ्याइतकीही नसते, तिची भीती मनात कशी धरून ठेवायची? काठावरच्या गावांची खरी अडचण ही होती, असे मला वाटते.

शिवाय नदीकाठी राहणे हा एके काळी शहाणपणा होता. नळ आले त्याच्या आधीचा काळ डोळ्यांपुढे आणावा. प्यायचे पाणी, गुरांचे पाणी, धुणे, घाटावरचे देऊळ, दहावा-तेरावा, सगळे नदीवर. गाव नदीपासून जितके लांब तितका बाईच्या डोक्यावरचा हंडा जड.

मोवाडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. ही नदी नुसती नदी नव्हती, ती दोन राज्यांमधली हद्द होती. 1803 साली अडगाव आणि गाविलगडला इंग्रजांकडून हार खाल्ल्यावर दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. त्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. 1822 च्या तहाने ती हद्द पक्की झाली. म्हणजे मोवाडच्या घाटावर उभे राहिले की या काठावर नागपूरकर भोसले आणि त्या काठावर हैदराबादचा निजाम. 1853 साल आले आणि एकाच वर्षात दोन्ही काठांचे भाग्य पालटले. वऱ्हाड निजामाने इंग्रजांकडे कारभाराला सोपवले आणि त्याच डिसेंबरात तिसरे रघूजी वारले, वारस नाही म्हणून डलहौसीने नागपूरचे राज्यच खालसा केले. तरीही हद्द राहिली. हा काठ मध्य प्रांतात, तो काठ निजामाच्या नावावरच्या वऱ्हाडात. 1903 साली दोन्हींचा कारभार एकत्र आला तोवर शंभर वर्षे वर्धा ही सरहद्द होती.

सरहद्दीने लोक तुटले असे मात्र झाले नाही. सोयरीक दोन्ही काठांवर होत राहिली. बाजार दोन्ही काठांचा. बोलीत थोडा फरक, पण तो कानाला सवय असलेल्यालाच कळावा इतका. इकडचे लोक आजही पलीकडे जायचे तर वऱ्हाडात जातो म्हणतात, जणू दुसऱ्या मुलखात निघालेत. आणि लगीन तिथलेच असते, मावशी तिथलीच असते. हद्दीवरच्या गावांचा असा दुहेरी संसार मला फार लोभस वाटतो. नकाशावर ती कडेला असतात, पण तिथे जाऊन पाहिले तर कशाच्या तरी मधोमध असतात.

नगरपालिका 1867 ची, हे साल नीट पाहण्यासारखे आहे. मध्य प्रांत हा प्रांत 1861 साली बनला. त्याला सहा वर्षे होत नाहीत तोच त्या सरकारने नागपूर जिल्ह्यातल्या लहान लहान गावांना नगरपालिका द्यायला सुरुवात केली. रामटेक, उमरेड, खापा आणि मोवाड ही त्याच वर्षाची. त्याच 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला तो 1882 चा. म्हणजे मोवाडची पालिका त्याच्याही पंधरा वर्षे पुढे. अर्थात ते लोकांचे राज्य नव्हते. रस्ते झाडणे, दिवे लावणे, बाजार बसवणे आणि त्यासाठी गावाकडूनच पैसा उभा करणे, हा सरकारचा सरळ हिशेब होता. तरीसुद्धा गावाचा पैसा गावात खर्च व्हावा आणि त्याची वही गावात राहावी ही सवय त्यातूनच लागली. 1901 च्या शिरगणतीत मोवाड पाच हजारांच्या जरा आत होते. एवढेसे गाव, पण त्याला स्वतःची पालिका होती.

या पालिकेने पाहिलेल्या राजवटी मोजाव्यात. आधी मध्य प्रांत, मग मध्य प्रांत आणि वऱ्हाड, मग 1950 ते 1956 नागपूर राजधानी असलेले मध्य प्रदेश, मग द्वैभाषिक मुंबई, आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. पाटीवरचे राज्याचे नाव चार वेळा बदलले. पाटीवरचे मोवाड तेच राहिले.

आणि मग 1991 आले.

त्या वर्षाची जनगणना फेब्रुवारीत झाली. प्रगणक दारोदार फिरले, घरे मोजली, माणसे मोजली, आणि 1 मार्चच्या सूर्योदयाचा आकडा पक्का धरला गेला. जुन्या मोवाडची ती शेवटची मोजणी ठरली. ज्या दारांवर तेव्हा गेरूने घरक्रमांक घातले गेले, ती दारे पाच महिन्यांनी नव्हती.

जुलै संपत आला होता. गुरुपौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. दिल्लीत नरसिंह रावांचे सरकार येऊन महिना-सव्वा महिना झाला होता. 1984 आणि 1989 मध्ये ते याच नागपूर जिल्ह्यातल्या रामटेकमधून लोकसभेवर गेले होते. मुंबईत सुधाकरराव नाईक मुख्यमंत्रिपदावर नुकतेच बसले होते. विदर्भाचाच माणूस. 24 जुलैला मनमोहन सिंगांनी तो गाजलेला अर्थसंकल्प मांडला आणि सगळ्या वर्तमानपत्रांची पहिली पाने त्याच चर्चेने भरली. सहा दिवसांनी, 30 जुलैला, मंगळवारी, वर्धा मोवाडमध्ये शिरली.

त्या दिवशीचे वर्णन रंगवून करण्याचा मला अधिकार नाही. मी तिथे नव्हतो. जे घडले ते एका वाक्यात मावते: दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि गाव राहण्याजोगे उरले नाही. पण मावते म्हणून ते तेवढ्यात सांगून पुढे जाणे मला जमत नाही. एवढ्याशा गावात दोनशे माणसे म्हणजे काय, याचा हिशेब करून पाहावा. अशा गावात ओळखीचे कोणी गेले नाही असे घर उरत नाही. सांत्वनाला कोणी कोणाकडे जायचे? चार खांदेकरी कुठून आणायचे? तेरवी कोणी कोणाला जेवू घालायची? आपल्या गावांत दुःख वाटून घेण्याच्या ज्या रीती आहेत, त्या सगळ्या एका घरावर दुःख आले आणि बाकीचे गाव धड असले तर चालतात. सगळ्याच घरांवर ते एकदम आले की त्या रीतीही वाहून जातात.

या भागातल्या जुन्या घरांची बांधणी पुराशी झुंजायची नव्हे. मातीच्या जाड भिंती, वर सागाचे फाटे, कवेलू. उन्हाळ्यात अशा घरासारखा गारवा सिमेंटच्या घरात मिळत नाही. पण मातीची भिंत पायाशी भिजली की बसते, आणि भिंत बसली की वरचे सगळे खाली येते. पाण्यापासून वाचायला माळ्यावर चढलेल्या माणसाचा माळाच उरत नाही. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून राखले, ते पाण्यापुढे तासाभरात चिखल होते.

पानशेत म्हटले की 12 जुलै 1961 महाराष्ट्रातल्या कोणालाही सांगता येते. किल्लारी म्हटले की 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवते. मोवाड म्हटले तर नागपूर-अमरावतीच्या बाहेर बहुतेकांना गावाचे नावही माहीत नसते. हे असे का झाले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पानशेतचे पाणी पुण्यात शिरले. पुण्यात छापखाने होते, लेखक होते, पेठापेठांत आठवणी लिहून ठेवणारी माणसे होती. किल्लारीचा संहार इतका अफाट होता की साऱ्या जगाची मदत आली, जागतिक बँक आली, पुनर्वसनाचा अभ्यास करायला परदेशातून लोक आले, आणि राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनाचा पाया त्यातून घातला गेला. मोवाड या दोन्हींच्या मधल्या फटीत पडले. ते लहान होते, जिल्ह्याच्या टोकाला होते, आणि दूरचित्रवाणीवर दिवसभर बातम्या दाखवण्याचे दिवस अजून यायचे होते. किल्लारीच्या फक्त दोन वर्षे आधी एक अख्खे गाव उठवून दुसरीकडे बसवण्याचा अनुभव याच राज्याने घेतला होता. त्या अनुभवाची ओळख महाराष्ट्राला झालीच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गाव उठले. नदीपासून दूर, उंचावर नवे मोवाड वसवले गेले. पुनर्वसन हा शब्द आपण धरणाच्या संदर्भात इतका वापरतो की त्याची चव गेली आहे. धरणात बुडणाऱ्या गावाला निदान नोटीस येते. भांडायला वेळ मिळतो, देव उचलायला मुहूर्त पाहता येतो, चौकटी काढून नेता येतात. पुराने उठवलेल्या गावाला यातले काहीच मिळत नाही. घरासोबत घराचा कागदही गेलेला असतो. जागेचा उतारा, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, लग्नातला एकुलता एक फोटो. आपण कोण, हे सरकारला सिद्ध करायला जे कागद लागतात तेच नदीत गेलेले, आणि मदत मिळवायला ते कागद हवेत.

नवी वसाहत कागदावर आखली जाते तेव्हा चौकोन सारखे येतात. जुन्या गावात घर कोणाच्या शेजारी आहे हे दोनशे वर्षांच्या भांडणांतून, वाटण्यांतून आणि मायेतून ठरलेले असते. नव्या गावात ते प्लॉट क्रमांकावर ठरते. चुलतभाऊ तीन रस्ते पलीकडे जातो. ज्या ओसरीवर दुपारच्या बाया बसायच्या ती ओसरीच आराखड्यात नसते. ती पुन्हा तयार व्हायला एक पिढी लागते. अंगणात लावलेला कडूनिंब सावली द्यायला लागतो तेव्हा त्याच्याखाली पहिली बाज पडते, आणि मग हळूहळू ते गाव होते. 1991 नंतर मोवाडात जन्मलेली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांच्यासाठी हेच मोवाड आहे. जुने मोवाड ही आजीच्या बोलण्यात येणारी जागा आहे.

पण शेत जागच्या जागीच राहिले. घर उचलून नेता येते, वावर नेता येत नाही. नदीकाठची काळी जमीन कसायला रोज खाली जायचे आणि रात्री उंचावर झोपायला यायचे, असे नदीशी नाते उरले.

ही जमीन संत्र्याची. नरखेड, काटोल आणि पलीकडे वरुड, मोर्शी असा हा सलग पट्टा. नागपुरी संत्रा हे नाव नागपूरने मिळवले, पण फळ बहुतेक इथे पिकते. नदीपलीकडचे शेंदुरजनाघाट कलमांच्या रोपवाटिकांसाठी नावाजलेले. नरखेड-बडनेरा या नव्या लोहमार्गावरच्या वरुड स्थानकाच्या तर नावातच ऑरेंज सिटी आहे. संत्र्याचा कास्तकार पाण्याशी जसा खेळतो तसा दुसरा कोणी खेळत नसेल. मृग बहार घ्यायचा तर भर उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडायचे. त्याला ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात, झाड सुकल्यासारखे दिसते. मृगाचा पाऊस आला की ते झाड फुलांनी गच्च होते. पाऊस वेळेवर आला नाही तर वर्ष गेले. आंबिया बहाराला उलट उन्हाळाभर पाणी पुरवावे लागते. त्या पाण्यासाठी या पट्ट्यात आधी विहिरी खोल गेल्या, मग बोअर आले, मग बोअर हजार-हजार फुटांवर गेले. वरुड तालुक्याचा भूजलउपसा इतका वाढला की सरकारने त्याला धोक्याच्या यादीत टाकले. ज्या नदीने एका दिवसात गाव नेले, तिच्याच दोन्ही काठांवर चैत्र-वैशाखात बागा जगवायला पाण्याचे टँकर विकत घेणारी माणसे आहेत. झाड वाळले तर दहा-बारा वर्षांची जपणूक जाते. मोवाडच्या माणसाला पाण्याने दोन्ही बाजूंनी गाठले आहे.

नदीही अजून निवलेली नाही. 14 सप्टेंबर 2021 ला वरुड तालुक्यात झुंज या ठिकाणी याच वर्धेत नाव उलटली आणि 11 जण बुडाले. दशक्रियेला आलेले नातेवाईक होते.

आता पुन्हा पालिकेकडे येतो, कारण माझा जीव तिच्यात अडकला आहे. महाराष्ट्राच्या 1965 च्या कायद्यानुसार चाळीस हजारांपर्यंतच्या वस्तीची नगरपरिषद 'क' वर्गात मोडते. नव्याने नगरपरिषद मागायची तर किमान पंचवीस हजार लोक लागतात. त्या मापाने मोवाडला आज नगरपरिषद मिळाली नसती. पन्हाळा, माथेरान याही अशाच लहान पालिका, पण त्यांना किल्ला आहे, थंड हवा आहे, पर्यटकांचा पैसा आहे. मोवाडकडे आहेत घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजार. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि लहान पालिका सरकारच्या अनुदानाच्या तोंडाकडे पाहू लागल्या. गावाने दहा-दहा वर्षे नवे लोक जोडले नाहीत, उलट तरुण पोरे नागपूर-पुण्याला गेली, की लोकसंख्येच्या मापाने येणारा पैसाही आखडतो. मुख्याधिकारी लागतो, अभियंता लागतो, सफाई कामगार लागतात, आणि हा खर्च गाव लहान म्हणून लहान होत नाही.

मग अशी पालिका ठेवावी कशाला, असे विचारणारे भेटतात. मला उत्तर त्या 30 जुलैच्या नंतरच्या महिन्यांत दिसते. गल्ल्या गेल्या, घरे गेली, चावडी गेली, सीमा दाखवणाऱ्या खुणा गेल्या. माणसे शाळांत, नातेवाइकांकडे, तात्पुरत्या छपरांखाली विखुरली. त्या दिवसांत मोवाड म्हणून जे काही उरले होते, ते दोनच जागी होते. एक माणसांच्या तोंडी, आणि दुसरे 1867 पासून चालत आलेल्या त्या संस्थेत. ती संस्था होती म्हणून नवी वसाहत दुसऱ्या कोणत्या गावाची पुरवणी झाली नाही. ती मोवाडच झाली. आज तिथे जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर जन्माचे ठिकाण म्हणून जे नाव पडते, ते भोसले आणि निजामाच्या हद्दीवर उभ्या असलेल्या गावाचे नाव आहे.

जलसंपदा खाते नदीकाठावर दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. मोवाडला लाल रेषा नकाशात पाहावी लागत नाही. पण ज्याने ती स्वतःच्या भिंतीवर चढताना पाहिली, त्याचे वय तेव्हा चाळीस असेल तर आता पंच्याहत्तरीला टेकले आहे. पाणी कोणत्या नाल्यातून आधी शिरले, कोणत्या झाडाने किती जणांना धरून ठेवले, कोणी कोणाला दोर टाकला, हे अशा माणसांकडे आहे. नगरपरिषदेने, नरखेड-काटोलच्या एखाद्या महाविद्यालयाने, नागपूरच्या विद्यापीठाने कोणीही ते नावानिशी लिहून घ्यावे. गेलेल्या प्रत्येकाचे नाव, घर, वय, व्यवसाय. दोन हिवाळ्यांचे काम आहे, आणि हिवाळे फारसे उरलेले नाहीत.

दर वर्षी 30 जुलैला मोवाडचे लोक गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतात. तेव्हा आषाढ-श्रावणाची झड असते, नदी गढूळ असते, संत्र्याला मृगाची हिरवी, बोराएवढी फळे धरलेली असतात. लोक घरी परततात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली, नदीकडच्या वावरात जातात. पाणी किती चढले हे आधी पाहून घेतात, मग बैल सोडतात.